नेटवर्क ड्रायव्हरच्या बग-फिक्सचा रिव्ह्यू: पॅचमध्ये न दिसणाऱ्या ओळी कशा तपासायच्या

ड्रायव्हरचा फिक्स बहुतेक वेळा दहा-पंधरा ओळींचा असतो. रिव्ह्यू करणारा अधिकच्या आणि वजाच्या ओळी वाचतो, कंस जुळतात का पाहतो आणि 'रिव्ह्यूड-बाय' (पॅच तपासल्याची सही) देऊन मोकळा होतो. काही दिवसांनी त्याच फंक्शनवर दुसरा फिक्स येतो आणि त्याच्या 'फिक्सेस' टॅगमध्ये, म्हणजे दोष कोणत्या कमिटने आणला ते सांगणाऱ्या ओळीत, पहिल्या फिक्सचंच नाव असतं. चूक नेहमी नव्या ओळींत सापडेल असं नाही. हे फंक्शन कोण बोलावतं, कोणतं लॉक धरून बोलावतं, मध्येच फसलं तर आवराआवर कोण करतं, हे सगळं न बदललेल्या कोडमध्ये असतं आणि डिफमध्ये ते दिसत नाही.

खालची पद्धत लिनक्स कर्नलमधल्या इथरनेट ड्रायव्हरांसाठी आहे. सी वाचता येतं आणि कर्नल बिल्ड करता येतो, एवढं गृहीत धरलं आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. विशेषतः तिसरा टप्पा गाळून थेट कोडवर गेलात, तर लेखकाने सांगितलेलं कारण तुम्ही नकळत खरं मानून चालता.

## तयारी

पॅच ज्या ट्रीसाठी (कर्नलच्या कोडच्या ज्या प्रतीसाठी) आहे तीच ट्री घ्या. नेटवर्किंगमध्ये फिक्स 'नेट' ट्रीत जातात, नवी सोय आणि साफसफाई 'नेट-नेक्स्ट'मध्ये. विषयाच्या ओळीत कंसात कोणती ट्री लिहिली आहे ते पाहा. दुसऱ्या ट्रीवर पॅच लावून वाचलात तर आजूबाजूचं कोड वेगळं असू शकतं. पॅच मेलिंग लिस्टवरून आणायला 'बी४' हे साधन वापरा. ईमेलमधून कॉपी-पेस्ट केलं की टॅबचे स्पेस होतात आणि पॅच लागतच नाही.

दोन बिल्ड तयार ठेवा. एक साधा, 'डब्ल्यू=१' आणि 'सी=१' लावलेला, म्हणजे कंपायलरच्या जादा वॉर्निंग आणि 'स्पार्स' या कोड तपासणाऱ्या साधनाची तपासणी दोन्ही मिळतात. दुसरा चालवून बघण्यासाठी, त्यात हे पर्याय चालू हवेत: कासान (मेमरीचा चुकीचा वापर पकडतं), लॉकडेप (लॉकिंगमधल्या चुका पकडतं), अॅटॉमिक-स्लीप डीबग, डीएमए-एपीआय डीबग (डीएमए म्हणजे हार्डवेअरने सीपीयूशिवाय मेमरी वाचणं-लिहिणं; त्यासाठी केलेल्या मॅपिंगमधल्या चुका हा पकडतो) आणि केमेमलीक (मेमरीची गळती शोधतं). या बिल्डवर वेग मोजू नका, तो कमीच येणार.

चिपची डेटाशीट आणि इराटा (चिपमधल्या माहीत असलेल्या दोषांची यादी) मिळत असेल तर उघडून ठेवा. मिळत नसेल तर निदान ड्रायव्हरच्या हेडर फाइलमधलं डिस्क्रिप्टरचं (बफरचा पत्ता आणि लांबी हार्डवेअरला सांगणाऱ्या नोंदीचं) स्ट्रक्चर आणि रजिस्टरांची यादी समोर असू द्या.

तपासा: पॅच न लावता ट्री स्वच्छ बिल्ड होते का? आधीपासूनच्या वॉर्निंग एका फाइलमध्ये साठवा. नाहीतर जुन्या वॉर्निंगचं खापर नव्या पॅचवर फुटतं.

## टप्पा १: आधी संदेश वाचा, डिफ नंतर

कमिट संदेशात तीन प्रश्नांची उत्तरं हवीत. वापरणाऱ्याला काय दिसतं? ते का होतं? आणि हा बदल ते कसं थांबवतो? पहिलं उत्तर नसेल तर तो फिक्स आहे की साफसफाई, हे ठरवता येत नाही. 'संभाव्य नल पॉइंटर टाळा' एवढंच लिहिलेलं असेल, तर तो पॉइंटर नल होण्याचा मार्ग लेखकाकडे मागा. स्टॅटिक अॅनालिसिसच्या साधनाने ओरड केली म्हणून घातलेली तपासणी बऱ्याचदा निरर्थक असते आणि कधीकधी खरी चूक झाकते.

क्रॅशचा ट्रेस दिला असेल तर त्यातली फंक्शनं आणि ऑफसेट कोडशी जुळवा. कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये यासाठी 'डीकोड_स्टॅकट्रेस' आणि 'फॅडर२लाइन' आहेत. ट्रेस सांगतो एक आणि पॅच दुरुस्त करतो भलतंच, असे पॅच येतात, आणि त्यांचा संदेश बहुधा फार नीटनेटका असतो.

## टप्पा २: 'फिक्सेस' टॅग पडताळा

या टॅगमध्ये दोष आणणाऱ्या कमिटच्या हॅशची पहिली किमान १२ अक्षरं आणि कंसात अवतरणचिन्हांसह त्याची विषयाची ओळ असते, सगळं एकाच ओळीत. ही मांडणी 'चेकपॅच' ही कर्नलची स्क्रिप्ट तपासते. टॅगमधलं कमिट बरोबर आहे का, हे मात्र तुम्हालाच पाहावं लागतं.

'गिट ब्लेम' त्या ओळीला शेवटचा हात कोणी लावला ते सांगतं. तिथून एक पायरी आणखी मागे जा. फंक्शन एका फाइलमधून दुसरीत हलवलं गेलं असेल किंवा नुसतं इंडेंटेशन बदललं असेल, तर दोष त्याच्याही आधीचा असतो. 'गिट लॉग'ला 'एस' पर्याय देऊन ती ओळ पहिल्यांदा कधी आली ते शोधा. टॅग चुकीच्या, नव्या कमिटकडे बोट दाखवत असेल तर फिक्स जुन्या स्टेबल शाखांत (फक्त दुरुस्त्या मिळणाऱ्या जुन्या कर्नलांत) पोचतच नाही. उलट गरजेपेक्षा जुनं कमिट दिलं तर ज्या शाखेत दोषच नाही तिथेही तो लावला जातो.

## टप्पा ३: पॅच काढून ठेवा आणि जुन्या कोडमध्ये बग स्वतः शोधा

जुनं कोड उघडा आणि संदेशात सांगितलेली घटना ओळीओळीने चालवून पाहा. रेस (दोन मार्ग एकाच वेळी चालून क्रम बिघडल्याने होणारा दोष) असेल तर कागदावर दोन रकाने करा: डावीकडे पहिला सीपीयू, उजवीकडे दुसरा. प्रत्येक ओळीला कोण काय वाचतं, काय लिहितं ते मांडा. दोन्ही रकाने भरून शेवटी दोष दिसला, तर कारण पटलं. दिसला नाही, तर एकतर तुम्हाला काही निसटलं आहे किंवा लेखकाने लक्षणावर मलम लावलं आहे.

लक्षणावर मलम ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. कारण न सांगता घातलेला डिले. सगळ्या फंक्शनभोवती गुंडाळलेलं लॉक. 'चालू आहे का' असं विचारणारा नवा बूलियन, जो वाचताना आणि लिहिताना कुठलंही लॉक धरलेलं नाही. या शेवटच्या प्रकारात रेस जात नाही, फक्त तिची खिडकी अरुंद होते आणि पुढच्या माणसाला ती पकडणं आणखी अवघड जातं.

इशारा: 'माझ्या मशीनवर आता क्रॅश होत नाही' हा रेसच्या फिक्सचा पुरावा नाही. टाइमिंग थोडं हललं तरी क्रॅश दिसेनासा होतो.

## टप्पा ४: कोणतं फंक्शन कोणत्या संदर्भात चालतं ते लिहून काढा

पॅचने हात लावलेल्या प्रत्येक फंक्शनसमोर दोन गोष्टी लिहा: कोणतं लॉक धरलेलं असतं आणि झोपता येतं का, म्हणजे सीपीयू सोडून वाट पाहता येते का. नेहमी लागणारे संदर्भ असे:

- ओपन आणि स्टॉप: 'आरटीएनएल' (नेटवर्कच्या मांडणीचं सामायिक लॉक) धरलेलं, झोपता येतं. ओपन सुरू होताना 'नेटिफ_रनिंग' (इंटरफेस चालू आहे का ते सांगणारं) खरं झालेलं असतं, आणि स्टॉपमध्ये ते आधीच खोटं असतं. हा तपशील रिसेटच्या कोडमध्ये हमखास चुकतो.
- स्टार्ट-एक्समिट (पॅकेट पाठवणं): रांगेचं लॉक धरलेलं असतं (ड्रायव्हरने ते मुद्दाम नाकारलं नसेल तर), बॉटम-हाफ (इंटरप्टनंतर उरकायची कामं) बंद, झोपता येत नाही. नेटकन्सोल (कर्नलचे संदेश नेटवर्कवरून पाठवणारा) हे फंक्शन इंटरप्ट बंद ठेवून बोलावतो, म्हणून आत इंटरप्ट बिनशर्त चालू करणारं अनलॉक चालत नाही.
- टीएक्स-टाइमआउट (पाठवणी अडकल्यावर): सगळ्या रांगा गोठवलेल्या, झोपता येत नाही. रिसेट इथे करायचा नसतो, तो वर्कक्यूवर (झोपू शकणाऱ्या, नंतर करायच्या कामांच्या रांगेत) टाकायचा.
- सेट-आरएक्स-मोड (कोणत्या पत्त्यांची पॅकेटं घ्यायची ते ठरवणं): पत्त्यांच्या यादीचं स्पिनलॉक धरलेलं, झोपता येत नाही. यूएसबी किंवा एसपीआयवरच्या चिपचं रजिस्टर इथून थेट लिहिणारा पॅच चुकीचाच, कारण ती बस झोपते.
- ६४-बिट आकडे देणारं फंक्शन: आरसीयूखाली (लॉक न घेता वाचण्याच्या पद्धतीत) बोलावलं जाऊ शकतं, म्हणून म्यूटेक्स (झोपणारं लॉक) चालत नाही.
- नॅपी पोल (पॅकेटं गठ्ठ्याने उचलणारं फंक्शन): सॉफ्टआयआरक्यूत (इंटरप्टनंतरच्या कामांच्या संदर्भात) चालतं, झोपता येत नाही.

अलीकडच्या कर्नलांत काही ड्रायव्हरांना प्रत्येक डिव्हाइसचं स्वतंत्र लॉकही लागू होतं. तुमच्या समोरचा ड्रायव्हर त्यात मोडतो का, ते कर्नलच्या दस्तऐवजातल्या 'नेटडिव्हाइसेस' पानावरून पाहा.

नवीन लॉक घातलं असेल तर ते आणखी कुठेकुठे घेतलं जातं ते सगळं शोधा. हार्ड इंटरप्टच्या हँडलरमध्येही तेच स्पिनलॉक लागत असेल आणि पॅचने साधं 'स्पिन_लॉक' किंवा 'बीएच'वालं वापरलं असेल, तर त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला की मशीन अडकलं.

## टप्पा ५: पाठवणीचा मार्ग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक नमुना घेऊ. तक्रार अशी: पॅकेटचा एखादा तुकडा डीएमएसाठी मॅप करताना अपयश आलं, तर आधी मॅप झालेले तुकडे तसेच राहतात. फिक्समध्ये लेखकाने एक एरर लेबल आणि उलट्या दिशेने जाऊन अनमॅप करणारा लूप घातला आहे. कल्पना बरोबर आहे. आता आकडे घालून पाहा.

रिंग (शेवटी पोचल्यावर पुन्हा ० वर येणारी यादी) २५६ डिस्क्रिप्टरांची आहे. पॅकेटला एक मुख्य भाग आणि तीन तुकडे, म्हणजे चार डिस्क्रिप्टर लागणार. पहिली मोकळी जागा २५४. मुख्य भाग २५४ वर, पहिला तुकडा २५५ वर, दुसरा ० वर मॅप झाला. तिसरा १ वर जाताना मॅपिंग फसलं. परतीचा क्रम ०, २५५, २५४ असायला हवा. पण लूपची अट 'सध्याचा इंडेक्स सुरुवातीच्या इंडेक्सपेक्षा मोठा असेपर्यंत' अशी असेल, तर १ हा २५४ पेक्षा मोठा नाही. लूप एकदाही चालत नाही आणि तिन्ही मॅपिंग गळतात. रिंगच्या मधल्या भागात हाच लूप बिनचूक चालतो, म्हणून लेखकाच्या चाचणीत तो पास झाला असणार. अट 'समान नसेपर्यंत' हवी आणि वजाबाकीनंतर मास्क लावायला हवा, म्हणजे ० नंतर २५५ येतं. शिवाय सुरुवातीचा, २५४ वरचा डिस्क्रिप्टरही अनमॅप होतो ना, हे पाहा. एकाने चुकण्याची जागा हीच.

लूप बरोबर असला तरी त्याच्याभोवतीच्या या गोष्टी एकेक करून तपासा.

जोडी. मुख्य भाग 'सिंगल'ने मॅप केलेला असतो, तुकडे 'पेज'ने. अनमॅप करताना प्रकार, लांबी आणि दिशा तीच हवी. एकाच प्रकारच्या हाकेने सगळं सोडवलं असेल तर डीएमए-एपीआय डीबग ओरडतो.

ओनरशिप बिट. डिस्क्रिप्टर आता हार्डवेअरचा, असं हा बिट सांगतो. पहिल्या डिस्क्रिप्टरचा हा बिट सगळ्यात शेवटी लावायचा असतो आणि त्याआधी 'डीएमए_डब्ल्यूएमबी' (लिहिण्याचा क्रम राखणारा बॅरियर) हवा. तुकडे मॅप व्हायच्या आधीच तो लागत असेल तर परत फिरायला उशीर झालेला असतो, कारण हार्डवेअरने वाचन सुरू केलेलं असू शकतं. अशा ड्रायव्हरमध्ये नुसतं एरर लेबल पुरत नाही, क्रमच बदलावा लागतो.

एसकेबीचा (कर्नलमधल्या पॅकेटच्या स्ट्रक्चरचा) पॉइंटर. रिंगच्या नोंदीत ठेवलेला पॉइंटर परतीच्या वाटेवर नल करा. राहिला, तर इंटरफेस बंद करताना रिंग साफ करणारं फंक्शन तेच एसकेबी दुसऱ्यांदा सोडतं.

परत जाणारी किंमत. एसकेबी सोडून दिलं तर 'टीएक्स_ओके' परत करायचं आणि टाकून दिलेल्या पॅकेटांचा आकडा वाढवायचा. 'टीएक्स_बिझी' परत केलं तर वरचा थर तेच एसकेबी पुन्हा पाठवतो, म्हणजे सोडलेली मेमरी वापरली जाते. बिझीचा अर्थ 'मी याला हात लावलेला नाही' असा आहे.

कोण सोडतं. काही मदतनीस फंक्शनं फसली की एसकेबी स्वतःच सोडतात. छोटं पॅकेट ६० बाइटपर्यंत भरणारं 'एसकेबी_पुट_पॅडटू' त्यांपैकी एक. 'एसकेबी_लिनिअराइज' मात्र सोडत नाही. दोघांचं अपयश एकाच लेबलकडे पाठवलं असेल, तर एका बाजूला दोनदा सोडणं होतं.

डोअरबेल, म्हणजे नवं काम आल्याचं हार्डवेअरला कळवणं. यावर फार कमी जणांची नजर जाते. मागून आणखी पॅकेट येणार असेल तर ड्रायव्हर डोअरबेल पुढे ढकलतो. समजा तीन पॅकेटं आली, पहिल्या दोघांची डोअरबेल लांबवली आणि तिसरं पॅकेट मॅपिंग फसल्यामुळे टाकून दिलं. एरर मार्गात डोअरबेल वाजवली नाही, तर पहिली दोन रिंगमध्ये तशीच बसून राहतात. पुढचं पॅकेट आलं तर सुटतात, नाही आलं तर वॉचडॉग (पाठवणी अडकली का ते पाहणारा टायमर) येतो. एरर मार्गाने बाहेर पडताना बाकी राहिलेली डोअरबेल वाजते का, हे स्वतंत्रपणे विचारा.

डोअरबेलनंतरचं वाचन. हार्डवेअरला काम दिल्यावर एसकेबीची लांबी वाचणारी ओळ दिसली की थांबा. दुसऱ्या सीपीयूवर पूर्तता होऊन ते एसकेबी तोवर सोडलंही गेलं असेल. लांबी आधी व्हेरिएबलमध्ये घ्यायची आणि बीक्यूएलला (रांगेत किती बाइट असू द्यायचे ते ठरवणाऱ्या यंत्रणेला) पाठवलेल्या बाइटांची नोंदही डोअरबेलच्या आधी द्यायची.

बीक्यूएलचा हिशेब. टाकून दिलेल्या पॅकेटचे बाइट 'पाठवले'मध्ये धरू नयेत, आणि रिंग रिकामी केल्यावर रांगेचा हिशेब रिसेट करावा. 'पूर्ण झाले' हा आकडा 'पाठवले'पेक्षा मोठा झाला तर कर्नल तिथेच बग जाहीर करून थांबतो.

फिक्स रांग थांबवण्या-उठवण्याबद्दल असेल तर क्रम असा असायला हवा: जागा कमी पडली की रांग थांबवा, मेमरी बॅरियर, मग जागा पुन्हा मोजा, आणि तेवढ्यात झाली असेल तर रांग चालू करा. पूर्ततेच्या बाजूलाही तसंच: टेल (पूर्ण झालेल्या डिस्क्रिप्टरांचा इंडेक्स) पुढे न्या, बॅरियर, मग थांबलेली रांग तपासा. पुन्हा मोजणं गाळलं तर एक अरुंद फट राहते. रिंग रिकामी, रांग मात्र थांबलेली, आणि पूर्ततेचा इंटरप्ट पुन्हा यायचं कारणच उरत नाही. वॉचडॉगची वेळ ड्रायव्हरने ठरवली नसेल तर ती ५ सेकंद असते, त्यामुळे 'अधूनमधून पाच सेकंद नेट अडकतं' अशी तक्रार दिसली की पहिली शंका इथेच घ्या.

जागेची मर्यादाही पाहा. एका एसकेबीला जास्तीत जास्त तुकडे नेहमीच्या कॉन्फिगरेशनमध्ये १७ असतात, पण ही संख्या ४५ पर्यंत वाढवता येते. मर्यादा स्थिरांकाच्या नावाने लिहिलेली हवी, १८ असा आकडा टाकून नव्हे.

तपासा: हे फंक्शन ज्या ज्या ठिकाणी परत फिरतं त्या प्रत्येक 'रिटर्न'समोर तीन उत्तरं लिहिता येतात का? एसकेबीचा मालक कोण, किती मॅपिंग उरली, प्रोड्यूसर इंडेक्स (पुढची मोकळी जागा) कुठे आहे.

## टप्पा ६: स्वीकाराचा मार्ग आणि नॅपी

पोल फंक्शनचा करार छोटा आहे, पण मोडतो वारंवार. बजेटपेक्षा (एका फेरीत उचलायच्या पॅकेटांच्या मर्यादेपेक्षा) कमी काम झालं तर 'नॅपी_कम्प्लीट_डन' म्हणून झालेलं काम परत करायचं. पूर्ण बजेट वापरलं गेलं तर कम्प्लीट म्हणायचं नाही, बजेटच परत करायचं. काम बरोबर बजेटइतकंच निघालं आणि रिंगही संपली, ही कड नेमकी चुकते: कम्प्लीटही म्हटलं आणि बजेटही परत केलं, तर नॅपीची अवस्था बिघडते. कम्प्लीटने खोटं परत केलं तर इंटरप्ट चालू करायचा नाही. आणि बजेट ० येऊ शकतं. तेव्हा फक्त पाठवणीची पूर्तता करायची, स्वीकाराला हात लावायचा नाही आणि कम्प्लीट तर मुळीच म्हणायचं नाही. 'केलेलं काम बजेटपेक्षा कमी का' ही अट शून्याला आपोआप सांभाळते. पण पॅचने ती बदलून 'रिंग रिकामी का' अशी केली असेल, तर ती सांभाळ गेली.

इंटरप्ट हँडलरमध्ये इंटरप्ट मास्क करणं 'नॅपी_शेड्यूल_प्रेप' खरं आल्यानंतरच व्हायला हवं. नॅपी अजून चालू केलेली नसताना इंटरप्ट आला तर प्रेप खोटं देतं. मास्क बाहेर केला असेल, तर तो उघडणारं कोणी उरत नाही आणि स्वीकार कायमचा बंद पडतो.

डिस्क्रिप्टर वाचताना आधी मालकी, मग 'डीएमए_आरएमबी', मग लांबी. हार्डवेअरने दिलेली लांबी बफरच्या आकाराशी ताडून पाहिली आहे का? यूएसबीवरच्या ड्रायव्हरांत हा प्रश्न जास्त गंभीर आहे, कारण समोरचं यंत्र खोटंही बोलू शकतं. वजाबाकी आधी आणि तपासणी नंतर असेल तर चिन्हरहित संख्या उलटून प्रचंड मोठी होते. लांबीतून एफसीएसचे (पॅकेटच्या शेवटच्या चेकसमचे) ४ बाइट वजा करणारी ओळ त्यामुळे खास वाचा.

## टप्पा ७: उभारणी आणि मोडणी

प्रोब आणि रिमूव्ह (डिव्हाइस जोडताना आणि काढताना चालणारी फंक्शनं) शेजारीशेजारी दोन खिडक्यांत उघडा. प्रोबमधली प्रत्येक पायरी रिमूव्हमध्ये उलट्या क्रमाने सापडायला हवी, आणि प्रोबच्या एरर लेबलांतही. 'रजिस्टर_नेटडेव्ह' सगळ्यात शेवटी, कारण त्याच क्षणी कोणीतरी इंटरफेस उघडू शकतं. त्याच्यानंतर काही तयार होत असेल तर ती रेस आहे. रिमूव्हमध्ये 'अनरजिस्टर_नेटडेव्ह' आधी. 'फ्री_नेटडेव्ह' झाल्यावर ड्रायव्हरचं खासगी स्ट्रक्चरही गेलेलं असतं, ते त्याच मेमरीत राहतं.

'डेव्हएम' प्रकारच्या (आपोआप आवरल्या जाणाऱ्या) हाका आल्या की जरा सावध व्हा. त्यांची आवराआवर रिमूव्ह संपल्यावर होते. इंटरप्ट डेव्हएमने घेतला आणि नेटडेव्ह हाताने सोडला, तर मधल्या काळात आलेला इंटरप्ट सोडलेल्या मेमरीत शिरतो. साध्या फिक्सचं डेव्हएममध्ये रूपांतर करणारा पॅच आला तर तो तोडायला सांगा: दुरुस्ती वेगळी, रूपांतर वेगळं.

वर्कक्यूचा सापळा जुनाच. रिसेटचं काम 'आरटीएनएल' घेतं. लेखक स्टॉपमध्ये 'कॅन्सल_वर्क_सिंक' घालतो. स्टॉपने 'आरटीएनएल' धरलेलं आहे, काम त्याचीच वाट पाहतंय आणि स्टॉप कामाची. त्यानंतर त्या मशीनवर 'आयपी' कमांडसुद्धा परत येत नाही. अशा वेळी रद्द करणं रिमूव्हमध्ये, अनरजिस्टरनंतर ठेवायचं आणि कामाच्या आत लॉक घेतल्यावर 'नेटिफ_रनिंग' तपासायचं. टायमर कामाला आणि काम टायमरला जागं करत असेल, तर नुसतं एकेक थांबवून भागत नाही. टायमर पुन्हा लावता येणार नाही अशा रीतीने मोडणारं 'टायमर_शटडाउन_सिंक' कर्नल ६.२ पासून उपलब्ध आहे.

'नॅपी_डिसेबल' लागोपाठ दोनदा झालं तर दुसरी हाक परत येत नाही. रिसेट अर्धवट फसला, त्याने नॅपी बंद करून ठेवली आणि मग कोणी इंटरफेस खाली घेतला, हा मार्ग बोट ठेवून चालून पाहा.

इशारा: सस्पेंड-रिझ्यूम हा तिसरा मोडणीमार्ग आहे आणि बहुतेक पॅच तो विसरतात. स्टॉप दुरुस्त केला असेल तर सस्पेंड स्टॉपलाच बोलावतो की स्वतःची नक्कल बाळगतो, ते बघा.

## टप्पा ८: तोच दोष आणखी कुठे

त्याच ड्रायव्हरमध्ये एक्सडीपीचा (पॅकेट ड्रायव्हरमध्येच हाताळण्याच्या सोयीचा) पाठवणीमार्ग असतो, रिंगचा आकार बदलण्याचा मार्ग असतो, आणि बऱ्याचदा त्याच कंपनीच्या जुन्या चिपचा जवळपास तोच ड्रायव्हर शेजारच्या फोल्डरमध्ये असतो. ग्रेप करून पाहा. सापडलं तर लेखकाला सांगा, पण त्यासाठी हा पॅच अडवू नका. दुसऱ्या ड्रायव्हरचा फिक्स स्वतंत्र पॅचमध्येच असावा, त्याचा 'फिक्सेस' टॅगही वेगळा असतो.

## टप्पा ९: बिल्ड करा, मग छळ करा

आधी ६४-बिट, मग ३२-बिट बिल्ड. ६४-बिट आकडे ३२-बिटवर एका झटक्यात वाचले जात नाहीत, डीएमए पत्त्याची रुंदीही बदलते. स्पार्सने एंडियनबद्दल तक्रार केली तर ती गंभीर समजा. डिस्क्रिप्टरमध्ये लिटल-एंडियन रकाना रूपांतर न करता थेट लिहिला गेला की बिग-एंडियन मशीनवर ड्रायव्हर बंद.

हार्डवेअर हाताशी असेल तर डीबग बिल्डवर हे चालवा:

1. 'इथटूल'ने पाठवणीची रिंग ड्रायव्हर परवानगी देईल तितकी लहान करा. टोक ओलांडणं आणि रिंग भरणं दोन्ही सतत घडू लागतं.
2. दोन्ही दिशांना 'आयपर्फ३' (ट्रॅफिक तयार करणारं साधन) चालू ठेवून इंटरफेस लूपमध्ये खाली-वर करा. निदान काही शे फेऱ्या.
3. ट्रॅफिक चालू असतानाच एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) आणि रिंगचा आकार बदला.
4. सिसएफएसमधून ड्रायव्हर अनबाइंड-बाइंड करा. मॅपिंग उरली असतील तर डीएमए-एपीआय डीबग अनबाइंडच्या वेळी तक्रार करतो.
5. एरर मार्ग मुद्दाम घडवा. मॅपिंग फसल्याचं सोंग दर शंभराव्या हाकेला आणणारी दोन ओळींची तात्पुरती भर घाला. मेमरी न मिळण्यासाठी 'फेलस्लॅब' आहे.

पाचवी पायरी सगळे टाळतात, आणि एरर मार्गाच्या फिक्ससाठी खरी चाचणी तीच. ती केल्याशिवाय 'टेस्टेड-बाय' देऊ नका. हार्डवेअर नसेल तर हा टॅग देऊच नका. कोड वाचून दिलेला रिव्ह्यू तितकाच कामाचा आहे, फक्त काय केलं ते खरं लिहा.

तपासा: प्रत्येक चाचणी आधी पॅच न लावता चालवा. जुन्या कोडवर बग दिसलाच नाही, तर नव्या कोडवर तो न दिसण्याला अर्थ नाही.

## टप्पा १०: उत्तर लिहा

मूळ पॅचमधल्या नेमक्या ओळीखाली लिहा, वरती थप्पी लावू नका, आणि न लागणारा मजकूर छाटा. 'इथे रेस आहे' एवढं पुरत नाही. कोणत्या दोन मार्गांत, कोणत्या क्रमाने, ते तिसऱ्या टप्प्यातल्या दोन रकान्यांसकट द्या. वरच्या नमुन्यावरचं उत्तर असं असेल: सुरुवात २५४ वरून झाली आणि १ वर मॅपिंग फसलं, तर हा लूप चालत नाही; अट 'समान नसेपर्यंत' करून मास्क लावावा; शिवाय लांबवलेली डोअरबेल या मार्गावर वाजत नाही.

जे अडवणारं आहे आणि जे नुसतं सुचवणं आहे, ते वेगळं सांगा. स्थानिक व्हेरिएबलं लांब ओळीकडून आखूड ओळीकडे लावलेली असावीत, हा नेटवर्किंगचा नियम सांगायला हरकत नाही. पण तेवढ्यासाठी क्रॅशचा फिक्स परत पाठवू नका. उलट फिक्सच्या आत नाव बदलणं किंवा रिकाम्या ओळी सरळ करणं दिसलं तर ते काढायला लावा, कारण स्टेबल शाखांत पॅच न लागण्याचं ते फुकटचं निमित्त होतं.

दुसरी आवृत्ती आली की पुन्हा मूळ पॅच म्हणूनच वाचा. 'गिट रेंज-डिफ'ने दोन्हींतला फरक दिसतो, पण तुम्ही सुचवलेल्या बदलाने टप्पा ५ मधली कुठली तरी दुसरी ओळ हलली असू शकते. आवृत्त्यांमध्ये किमान २४ तासांचं अंतर ठेवायचा नियम आहे. लेखकाने दोन तासांत नवी पाठवली तर तसं सांगा आणि उरलेल्या वेळात सस्पेंडचा मार्ग वाचून घ्या. आधी दिलेला 'रिव्ह्यूड-बाय' लेखकाने नव्या आवृत्तीत तसाच आणला असेल आणि मधल्या काळात लॉकिंग बदललं असेल, तर तो टॅग काढायला सांगून टप्पा ४ पासून पुन्हा सुरुवात करा.